पुंजण्यावरून पडलेली अल्का

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर ज्या गावांचा धान पिकतो, त्यांतल्या एका गावात अल्का रामटेकेचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. रोवणीच्या दिवसांत ती बायांची टोळी चालवायची. उजाडायच्या बेतात विहाराजवळच्या बोअरिंगपाशी उभी राहून ती एकेकीच्या नावानं हाक मारी, आणि त्या हाकेनं बायाच काय, त्यांचे नवरेही उठून बसत. धानाच्या बांधीत उतरल्यावर ती कुणाला रेंगाळू द्यायची नाही. पण कुणाचं लेकरू तापानं फणफणत असलं तर तिला घरी धाडून तिची ओळ स्वतः लावायची. त्यामुळे बाया तिला घाबरायच्याही आणि तिच्याशिवाय कामावरही जायच्या नाहीत.

नवरा राजदीप तिरोड्याच्या राईस मिलमध्ये बॉयलरवर होता. माणूस अबोल. घरात बोलायचं काम अल्का आणि तिची सासू सुमनबाई या दोघींनी वाटून घेतलं होतं. मुलगी रीना नववीत होती आणि दोघींच्या मधे बसून अभ्यास करायची तिला सवय झाली होती.

त्या वर्षी कापणी लांबली. भारे बांधून होईस्तोवर डिसेंबर उजाडला. राजदीपनं मिलमधून सुट्टी काढली आणि नवराबायको घरच्या धानाचं पुंजणं, म्हणजे भाऱ्यांची गंजी, रचायला लागले. तो ट्रॉलीतून भारे वर फेकायचा, अल्का पुंजण्यावर उभी राहून ते झेलायची आणि रचायची. पुंजणं निमुळतं होत वर आलं होतं. शेवटचे थोडेच भारे उरले असताना तिनं एक भारा झेलायला अंग वळवलं, तिचा पाय तणसावरून घसरला आणि ती उताणी खाली आली. पाठ ट्रॉलीच्या काठावर आपटली.

दुखलं नाही. तेच तिला पुढं कित्येक दिवस नवल वाटत राहिलं. डोळ्यांपुढं स्वच्छ आभाळ होतं आणि कमरेखाली काहीच नव्हतं.

"माहे पाय कुठी गेले?" तिनं विचारलं.

राजदीपला आधी ती थट्टा करते आहे असं वाटलं. मग तिचा चेहरा पाहून त्यानं हाका मारल्या. शेजारच्या बांधीतले लोक धावून आले. एकानं काखेत हात घातले, दुसऱ्यानं पाय धरले आणि तिला उचलून ऑटोत बसवलं. बसवलं म्हणजे कोंबलंच, कारण तिचं अंग बसत नव्हतं. पडलेल्याला असं उचलू नये हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं, अल्कालाही नाही. तिरोडा, तिथून गोंदिया, तिथून नागपूर. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ती पोचली तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता.

ऑपरेशन झालं. मणक्यात सळ्या आणि स्क्रू बसवले. डॉक्टरांनी राजदीपला सांगितलं की मणक्याच्या आतली मुख्य दोरी, मज्जारज्जू, तुटलेली नाही, चेंगरली आहे. किती परत येईल ते आज कुणी सांगू शकणार नाही. थांबावं लागेल. थांबणं हे राजदीपला जमण्यासारखं होतं. अल्काला मुळीच नव्हतं.

अशा अवस्थेत तिच्या खाटेशी आचल पटले नावाची एक तरुण बाई येऊन उभी राहिली. गोंदियाची, पोवारांच्या घरची. अंगात पांढरा कोट होता, पण ती उपचार करणारी डॉक्टर नव्हती. ती संशोधन करत होती. मणक्याला मार लागलेल्या माणसांचं रक्त तिला हवं होतं. आत्ता एकदा, मग काही आठवड्यांनी, मग काही महिन्यांनी, असं वर्षभर.

"रक्त काहाडून काहाडून हे लोक मले कोरडी करून राहिले," अल्का सासूला म्हणाली. "आता हे आणखी कोन?"

आचल गेली नाही. स्टूल ओढून बसली. घरात पोवारी, बाहेर हिंदी, शाळेत मराठी असं शिकलेली ती. बोलताना तिन्हींची सरमिसळ व्हायची. तिनं आधीच सांगून टाकलं की याचा अल्काला काही फायदा होईल असं ती म्हणणार नाही. औषध देणार नाही, पाय हलवून देणार नाही. नाही म्हटलं तरी उपचार तेच राहतील.

"मंग कायले पाहिजे?" अल्कानं विचारलं.

आचलनं तिला समजावलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराची माहिती साठवलेली असते. जेव्हा जो भाग लागेल त्याची पेशी नक्कल काढते, त्या नकलेला आरएनए म्हणतात. काही नकला म्हणजे सरळ हुकूम असतात, अमुक प्रथिन बनवा, तमुक बनवा. पण कितीतरी नकला अशा निघतात की त्यांच्यापासून प्रथिन बनतच नाही. त्यांना नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. पुष्कळ वर्षं शास्त्रज्ञांना त्या बिनकामाच्या वाटत होत्या. आता कळलंय की त्याच बाकीच्यांवर लगाम ठेवतात. एखादी बारीकशी नक्कल जाऊन हुकमाला चिकटते आणि तो हुकूम तिथंच थांबतो. मणक्याला मार लागला की काही तासांत यांतल्या काही वाढतात, काही कमी होतात. कुणामुळे आत सूज भडकते, कुणामुळे ती आवरते. कुणामुळे नसांच्या पेशी मरतात, कुणामुळे तगतात. मणका उघडून रोज कुणी बघू शकत नाही. पण यांतल्या काही बारक्या रक्तात उतरतात. रक्तावरून आतलं कळतं का, आणि कुणाचे पाय परत येतील याचा अंदाज लवकर बांधता येतो का, एवढंच तिला बघायचं होतं. पुढं कधी, कदाचित, वाईट करणारीला गप्प बसवायचं औषधही निघेल. जगात पुष्कळ ठिकाणी लोक त्यामागे लागले आहेत. पण ते अजून उंदरांवर चाललं आहे.

अल्कानं सगळं ऐकून घेतलं. पडल्यापासून तिच्याशी कुणी इतका वेळ बसून बोललं नव्हतं.

"म्हंजे ते सोता काईच करत नाही, बसल्या बसल्या दुसऱ्याले थांबवते?" तिनं विचारलं.

"हां, बहुतेक वेळा तसंच."

"मंग ते आमच्या आत्याबाईसारखं हाये."

उशाशी बसलेल्या सुमनबाईनं तोंड वाकडं केलं, आणि पडल्यापासून पहिल्यांदा अल्का हसली. हसताना पाठीत कळ आली, तरी हसली. मग तिनं हात पुढं केला.

जानेवारीत ती घरी आली, खाटेवरूनच. इथून पुढच्या महिन्यांबद्दल अल्का आजही फारसं बोलत नाही. पाय लाकडासारखे. लघवीला नळी. टोळीतल्या बाया सुरुवातीला रोज येत, मग आठवड्यातून एकदा, कारण येऊन करायचं काय हे त्यांनाही कळेना. अल्का तोंडावर पदर घेऊन पडून राही. आवाज तर गेलाच होता तिचा. पाणी हवं असलं तरी ती रीनाला हाक न मारता तांब्यावर नखानं टकटक करायची.

सुमनबाई तिला कुशीवर वळवायची, पुसायची, भरवायची. दवाखान्यातून निघताना नर्सनं सांगितलं होतं, दर दोन तासांनी वळवा. पण म्हाताऱ्या हाताला तेवढं वजन झेपत नव्हतं आणि राजदीप दिवसभर मिलवर. एकदा वळवायचं राहिलं, मग दोनदा राहिलं. अल्काला तिथलं काही जाणवतच नव्हतं, त्यामुळे ती कुरकुरली नाही.

रक्त द्यायची पुढची वेळ आली तेव्हा आचलचा फोन आला. राजदीपनं सांगितलं, जमणार नाही. हिला गाडीत घालून नागपूरला नेणं म्हणजे हिचे हाल. अल्कानं फोन हातात घेतलाच नाही. आचलनं दोनतीनदा करून पाहिला आणि मग एका दिवशी ती स्वतःच आली. रेल्वेनं तिरोड्याला, तिथून ऑटोनं, मांडीवर बर्फाचा डबा घेऊन.

सुमनबाईनं चहा टाकला. आचलनं अल्काच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं, नळी डब्यात ठेवली आणि उठता उठता तिला वास आला. तिनं विचारलं, पाठ बघू का? अल्कानं पदराआडून मान हलवली. आचलनं सुमनबाईच्या मदतीनं तिला वळवलं आणि कमरेखालचं लुगडं बाजूला केलं. माकडहाडावर पोलक्याच्या बटणाएवढा काळा डाग होता आणि त्याच्या कडेनं पाणी सुटलं होतं.

आचल एरवी फार मवाळ बोलायची. त्या दिवशी ती हिंदीत कडाडली. हे वरून एवढं दिसतंय, आत केवढं खोल गेलं असेल याचा तुम्हाला अंदाज आहे का? पायानं माणूस मरत नाही, यानं मरतं. सुमनबाई रडायला लागली. तेव्हा आचल खाली बसली आणि तिचे हात धरून म्हणाली की चूक त्यांची नाही, एकटीनं कसं वळवायचं ते त्यांना शिकवायला हवं होतं आणि कुणी शिकवलं नाही. मग तिनं तिथूनच फोन लावले. दुसऱ्या दिवशी राजदीपनं गाडी केली आणि अल्का परत नागपूरला दाखल झाली.

त्या दिवशी काढलेलं रक्त मात्र वाया गेलं. गावच्या रस्त्यानं नळी इतकी हिंदकळली की रक्तातल्या लाल पेशी फुटल्या. वर पिवळसर पाणी सुटायला हवं, ते लालसर झालं. असं रक्त मोजायला चालत नाही. फुटलेल्या पेशींतून भलतंच काही त्यात मिसळतं. आचलनं हे पुढं अल्काला सांगितलं. ज्याच्यासाठी ही पोरगी आली ते हिला मिळालं नाही, आणि आपला जीव तेवढा वाचला, हे तिच्या मनात बसलं.

जखम भरायला उन्हाळा गेला. ती भरत असतानाच तिला दवाखान्याच्या पुनर्वसन विभागात हलवलं. तिथं तिच्यासारखे पुष्कळ होते. झाडावरून पडलेले, विहिरीत पडलेले, मोटरसायकलवरून उडालेले. कुणाचे हातही गेलेले. अल्कानं तिथं बसायला शिकून घेतलं. नळी स्वतःची स्वतः घालायला शिकली. मणक्याला मार लागलेल्याला न वाकवता फळीवर कसं घ्यायचं तेही तिनं तिथं पाहून घेतलं. खाटेवरून व्हीलचेअरवर सरकायला शिकली. पहिल्यांदा सरकली तेव्हा पडली, आणि पडल्या पडल्या शिव्या घातल्या. तो आवाज ऐकून दारात उभ्या राजदीपनं डोळे पुसले. पुंजण्यावरून पडल्यापासून त्यानं तिला आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

एका सकाळी व्यायाम करवून घेणाऱ्या बाईनं तिला उजव्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला सांगितलं. अल्कानं बघितलं. मनातल्या मनात जोर लावला. अंगठा हलला. अगदी थोडा, पण हलला. तिनं पुन्हा केलं. पुन्हा हलला.

त्या दुपारी आचल आली तेव्हा अल्कानं तिला अंगठा हलवून दाखवला आणि विचारलं, "माह्या रक्तात काय दिसून राहिलं, सांग. हे कवापर्यंत वर येईन?"

आचलनं खरं ते सांगितलं. आकडे दिसतात. त्यांचा अर्थ लावायला पुष्कळ माणसांचे आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागतात. तेवढी माणसंच तिच्याकडे नव्हती. शहरातली वेळेवर येतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडची येतात तीच दोनतीन दिवसांनी, आणि सगळ्यांत मोठी उलथापालथ होते पहिल्याच दिवशी, ती हुकते. पुढं घरी गेली की निम्मी फोन उचलत नाहीत. आणि न उचलणाऱ्यांत कुणाचं काय झालं असेल, हे आता अल्काला सांगायची गरज नव्हती.

"फोन मी लावतो," अल्का म्हणाली. तिकडच्या बाया बोलतात तसंच ती 'लावतो' म्हणाली.

आचलनं वरच्या डॉक्टरांना विचारलं. रुग्णांना आधी विचारून, ज्यांची हरकत नाही त्यांचेच नंबर तिला द्यायचे असं ठरलं. पावसाळ्यात घरी परतल्यावर अल्का ओसरीत व्हीलचेअरवर बसून फोन लावायला लागली. ती रक्ताचं आधी काढायची नाही. आधी विचारायची, पाठ कोण बघतं? नळी कोण घालतं? गादी कशाची आहे? पलीकडचं माणूस बुजलं तर ती आपलं सगळं सांगायची, काळ्या डागापासून. सुमनबाई आतून ओरडायची, अवो, हे असं कोनी फोनवर सांगते का? अल्का सांगायची.

देवरीकडचे बकाराम कटरे मात्र फोनवर येईनात. साठीच्या घरातला शेतकरी, बैलबंडी उलटून तिच्याखाली सापडलेला. फोन त्यांची बायको सुलोचनाबाई घ्यायची आणि हळू आवाजात म्हणायची, ते भिंतीकडे तोंड करून पडले राहतात, बोलत नाही. अल्कानं राजदीपला विचारलं. तो म्हणाला, जाऊ. रविवारी त्यानं मिलमधल्या मित्राची जीप मागून घेतली, व्हीलचेअर मागे बांधली आणि दोघं देवरीच्या जंगलातल्या त्या गावी गेले.

बकाराम खरंच भिंतीकडे तोंड करून पडले होते. अल्काची खुर्ची खाटेला लागली तरी वळले नाहीत.

"राम राम, बकारामभाऊ. मी अल्का. फोनवाली."

बकारामांनी चादर खांद्यावर ओढून घेतली.

"रक्त मांगाले आली," ती म्हणाली.

आता ते बोलले. "त्यानं मी उठून बसन का?"

"नाही."

"मंग?"

"तुमच्यामागून जो पडन, त्याच्या कामी येईन. तेबी खात्रीनं नाही सांगत."

बकाराम म्हणाले, त्या माणसाचं आणि त्यांचं काही नातं नाही. अल्का म्हणाली, तेही खरं आहे. बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. सुलोचनाबाई पाण्याचा पेला धरून दारात उभीच होती.

"रक्त राहू द्या," अल्का म्हणाली. "पाठ दाखवा मले."

परक्या बाईनं असं म्हणावं याचा बकारामांना धक्का बसला. त्या धक्क्यानंच बहुधा, त्यांनी पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. खुर्ची पाहिली. तिचे पट्ट्यानं बांधलेले पाय पाहिले. राजदीपनं आणि सुलोचनाबाईनं मिळून त्यांना वळवलं. टाचेवर आणि कुल्ल्यावर कातडी लाल झाली होती, अजून फुटली नव्हती. अल्कानं सुलोचनाबाईला जवळ बोलावून दाखवलं, बोटानं दाबून लाली जाते का ते कसं बघायचं, पायाखाली उशी कशी द्यायची, एकटीनं वळवायचं तर चादर धरून कसं ओढायचं. दुपार तिथंच गेली. निघताना रक्ताचा विषय तिनं काढला नाही.

पंधरवड्यानं आचलचा फोन आला. देवरीचे कटरे दवाखान्यात आलेत, बायकोला आणि पुतण्याला घेऊन. आल्या आल्या बाही वर करून म्हणाले, त्या खुर्चीवालीनं पाठवलंय. प्रत्यक्षात तिनं पाठवलं नव्हतं. अल्कानं तसं सांगितलं नाही.

अल्का स्वतः त्या हिवाळ्यापर्यंत पायांना आधाराचे कॅलिपर बांधून, वॉकर धरून उभी राहायला लागली. डावा पाय ओढल्यासारखा यायचा, उजवा बरा. खोलीभर चालली की घामाघूम व्हायची. लांबचं अंतर खुर्चीनंच. पण न्हाणीत ती आता स्वतः जायची आणि दार आतून लावून घ्यायची, आणि तिच्या लेखी ते चालण्याहून मोठं होतं.

पुढच्या मे महिन्यात, पावसाआधी छपराचे कवेलू फेरायला, म्हणजे कौलं नीट बसवायला, टेकचंद भोयर नावाचा गावातलाच तरुण गडी शाळेमागच्या घरावर चढला होता. सडका वासा मोडला आणि तो खालच्या दगडांवर आला. अल्काची ओसरी तिथून लांब नव्हती. आरडाओरडा ऐकून रीना पुढं धावली आणि अल्कानं मागोमाग खुर्ची हाकली. रस्त्यात चाक खड्ड्यात अडकलं. पुढं जाता येईना. तिथूनच तिला दिसलं, लोक जमले आहेत आणि दोघं जण टेकचंदच्या काखेत हात घालायला वाकले आहेत.

"हात नोका लावू!"

रोवणीच्या दिवसांतला तो आवाज होता. वाकलेली दोन्ही माणसं सरळ झाली.

"कोनी हलवू नोका त्याले. टेकचंद, मान नोको वळवू. रीना, डोकं धर दोन्ही हातानं, तसंच धरून ठेव. दरवाजा काहाडा कोनाचातरी. लाकडाचा. फडकं गुंडाळून मानेच्या दोन्ही बाजूले लावा."

लोकांनी गोठ्याचं दार बिजागरीतून उचकटलं. अल्कानं खड्ड्यातल्या खुर्चीवरून एकेकाला नाव घेऊन जागा सांगितली, कोण खांद्याशी, कोण कमरेशी, कोण पायाशी, आणि सगळ्यांनी एकदमच वळवायचं. तिच्या आवाजावर त्यांनी टेकचंदला ओंडक्यासारखा एकसंध वळवला आणि दारावर घेतला. तोवर त्या दिवशी सुट्टीवर असलेल्या राजदीपनं अँब्युलन्सला फोन केला होता. आणि अल्कानं आचलला. टेकचंद संध्याकाळ व्हायच्या आत नागपूरला होता.

त्याच्या कंबरेच्या मणक्याचे तुकडे झाले होते आणि एक तुकडा आत मज्जारज्जूला टेकून थांबला होता. आणखी सरकला नव्हता. दाखल करून घेणारा डॉक्टर दार पाहून म्हणाला, हे कुणी केलं? टेकचंदनं सांगितलं. त्याचं पहिल्याच दिवसाचं रक्त आचलला मिळालं, त्यानं मान हलवून हो म्हटल्यावरच. टेकचंद आज चालतो. थोडा लंगडतो, आणि कवेलूंवर चढत नाही.

हा गडी दारामुळे चालतो की नशिबानं, हे आचलला विचारलं तर ती म्हणते, एका माणसावरून सांगता येत नाही. अल्काला विचारलं तर ती असलं उत्तर देत नाही. पण त्यानंतर तिनं गावातल्या आशा कार्यकर्तीला बरोबर घेऊन आसपासच्या गावांत जाऊन, दार कसं वापरायचं ते लोकांना करायला लावायला सुरुवात केली. एखादा धडधाकट माणूस जमिनीवर निजवायचा आणि गावकऱ्यांनी त्याला उचलायचं. लोक आधी हसत. मग अल्का ओरडली की नीट करत.

आचलचा अभ्यास पुरा झाला तेव्हा तिनं सगळ्या रुग्णांना बोलावलं. दवाखान्याच्या सभागृहात खुर्च्या बाजूला सारून व्हीलचेअर ओळीनं लावल्या. बकाराम आले होते, स्वतः चाकं फिरवत. ते उभे राहत नाहीत, राहणारही नाहीत. पण आता घराच्या पुढच्या दारात बसून गावाशी भांडतात, असं सुलोचनाबाई कौतुकानं सांगत होती.

आचलनं पडद्यावर ठिपके दाखवले. प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस. तिनं मापलेल्या त्या बारक्या आरएनएंपैकी एक असा निघाला होता की तो पहिल्या दिवसांत सगळ्यांच्याच रक्तात चढतो, पण ज्यांचा तो लवकर उतरला त्यांच्या पायांत जास्त हालचाल परत आली. ज्यांचा चढलेलाच राहिला त्यांच्यात कमी. माणसं थोडी आहेत, ती म्हणाली, हे पक्कं समजू नका. पण आता आणखी तीन शहरांतले दवाखाने मिळून मोठा अभ्यास करायचं ठरलं आहे आणि त्यात रुग्ण दाखल होताच पहिलं रक्त घेतलं जाईल.

अल्कानं हात वर केला. "मी कोनती?"

पडद्यावर नावं नव्हती. आचल म्हणाली, सगळ्यांसमोर सांगू का? अल्का म्हणाली, सांग.

आचलनं काठी एका ठिपक्यावर ठेवली. बाकीच्या ठिपक्यांचा कल एका बाजूला होता आणि हा एकटाच दूर पडला होता. अल्काच्या रक्तात तो आरएनए पुष्कळ दिवसांनी, ती पुनर्वसन विभागात असतानाही, चढलेलाच होता. या चित्राप्रमाणे तिचे पाय जेवढे परत यायला हवे होते, त्याहून बरेच जास्त आले होते.

"मंग म्या तुहं चित्र बिघडवलं का?" अल्कानं विचारलं.

"नाही, ताई. आता पुढच्या अभ्यासात तुमचंच कारण शोधायचं आहे. कदाचित दुसरा कोणी आहे आत, जो या पहिल्याला आवरतो. कदाचित व्यायाम असेल. मला माहीत नाही."

'मला माहीत नाही' असं ही किती सहज म्हणते, असं अल्काला पुन्हा एकदा वाटलं. या पोरीवर तिचा भरवसा पहिल्या दिवसापासून बसला तो यामुळेच. जिथं कुणालाच माहीत नव्हतं तिथं भेटायला आलेल्या सगळ्यांनी तिला काही ना काही ठासून सांगितलं होतं.

नव्या अभ्यासात रुग्णांना भेटायला माणसं लागणार होती. आचलनं अल्काचं नाव दिलं. सुमनबाई म्हणाली, इतक्या लांब रेल्वेनं कशी जाशीन वो? अल्का म्हणाली, जाईन. तिरोड्याला फलाटावर राजदीप चढवून देतो, नागपूरला कुणीतरी उतरवून घेतं. एकदा कुणी आलं नाही, तर तिनं फलाटावरच्या दोन अनोळखी पोरींना हाताशी धरून त्यांना खुर्ची कशी धरायची ते शिकवलं आणि उतरली.

मागच्या आठवड्यात ती अशीच गेली होती. देवरीजवळच्या हायवेवर ट्रकनं उडवलेला भूपेंद्र नावाचा एक पंचविशीतला पोरगा आदल्या दिवशी दाखल झाला होता, त्याच रात्री त्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आता त्याला वळवायला डॉक्टरांची हरकत नव्हती. त्याचं रक्त घेऊन झालं होतं. तो छताकडे बघत होता आणि त्याची आई, अनुसयाबाई, खाटेच्या पायथ्याशी त्याचे तळपाय दोन्ही हातांनी चोळत होती, जसं काही त्यांना थंडी वाजते आहे. अल्कानं खुर्ची शेजारी लावली, ब्रेक ओढला आणि आपण कोण ते सांगितलं.

भूपेंद्रनं तिच्याकडे, मग खुर्चीकडे पाहिलं. "मी चालीन का?" त्यानं विचारलं.

अनुसयाबाईचे हात थांबले.

"मले नाही मालूम," अल्का म्हणाली. "डॉक्टरलेबी आज नाही मालूम. मालूम झालं का सांगू. लपवनार नाही."

तो रडायला लागला. तिनं रडू दिलं. मग अनुसयाबाईला म्हणाली, "बाई, पाय मंग चोळा. अगुदर एक उशी आना. याले कुशीवर कसं घ्यायचं ते दाखवतो तुमाले. एकटीनं जमते. तुमी या बाजूले या."

अनुसयाबाई उशी घेऊन आली आणि अल्का सांगत होती त्या बाजूला उभी राहिली.